डायलवालं डंबेल सकाळी अडकते, दुपारी चालते. मदत करा!

खामलेकर · ८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

जिम बंद होत्या त्या काळात घेतलेली डंबेलची जोडी आहे माझ्याकडे. डायल फिरवून वजन बदलणारी, अडीच किलोपासून २४ किलोपर्यंत १५ वजनं. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. वर्षाची वॉरंटी कधीच संपली आणि विकणाऱ्याने फोन उचलणं त्याच्याही आधी बंद केलं होतं.

त्रास दोन आहेत. पहिला असा की उजव्या हातातल्या डंबेलची एका बाजूची डायल साडेअकरा आणि साडेतेरा किलोच्या मधात अडकते. आता गंमत ऐका. सकाळी साडेसहाला मी व्यायामाला लागतो तेव्हा दोन्ही हातांनी जोर लावला तरी हलत नाही. रविवारी दुपारी दोनला सहज हात लावला तर आरामात फिरली. सोमवारी सकाळी पुन्हा तेच. डिसेंबरच्या मध्यापासून हे चालू आहे.

दुसरा त्रास जास्त भीतीचा. परवा साडेतेरावर लावून उचललं तर बाहेरून तिसरी प्लेट तिरपी लटकली. बाकावर आडवं होऊन छातीचा व्यायाम करणार होतो. आधी उभ्यानेच उचलून पाहिलं म्हणून लक्षात आलं, नाहीतर चष्म्यासकट गेलो असतो.

नेटवर जे सापडते त्यात शेवटी सल्ला एकच, कंपनीकडून पार्ट मागवा. इथे नागपुरात, गांधीबागेत एका सायकल दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणे, "भाऊ, हे आपल्याच्यानं नाही होत, याला चेनच नाही."

घरी उघडून पाहिलंय का कोणी?

बर्डीकर · ८ जानेवारी, रात्री १०:१२

पहिले डंबेल ठेवायचा ट्रे झाडा. डंबेल ट्रेमध्ये पूर्ण बसलं नाही, एखादा मिलिमीटर जरी वर राहिलं, तरी डायल अडकते. माझ्या ट्रेच्या खाचेत शेंगदाण्याचं टरफल निघालं होतं, आणि मी दोन दिवस डायलला शिव्या देऊन राहिलो होतो. घरात पोट्टे असतील तर प्लेटांचा क्रमही पाहून घ्या. दोन प्लेटांची अदलाबदल झाली तरी हेच होते.

तर्री_जास्त · ८ जानेवारी, रात्री १०:३०

सकाळी अडकते, दुपारी चालते. माझंही तसंच आहे, पण मी माणूस आहे.

कोथरूड_डेपो · ८ जानेवारी, रात्री ११:०५

एक रॉड, दोन नट, चार प्लेटा. आजोबांनी घेतलेलं नातू वापरतो. इतकं सोपं असताना ही घड्याळजी मंडळींची डंबेल घ्यायचीच कशाला?

खामलेकर · ९ जानेवारी, सकाळी ७:१५

@बर्डीकर, ट्रे झाडला, ओल्या फडक्याने पुसला. प्लेटांचा क्रम बरोबर आहे. फरक शून्य. आज सकाळीही हलली नाही.

@कोथरूड_डेपो, दोन खोल्यांत चार माणसं राहतो. सगळी वजनं वेगवेगळी ठेवायची तर स्वयंपाकघरात एक स्टँड लावावा लागेल आणि मग मला जेवायला मिळणार नाही.

निवृत्त_टर्नर · ९ जानेवारी, सकाळी ११:२०

ऑर्डनन्स फॅक्टरीत ३१ वर्षं लेथवर काढली. ही डंबेल मी वापरत नाही, पण मुलाची एकदा उघडून बसवली आहेत. उघडायच्या आधी तीन गोष्टी सांगा.

डायल सगळ्यात कमी वजनावर ठेवा (दुपारी ठेवा, सकाळी हलणार नाही म्हणता) आणि नुसतं हँडल ट्रेमधून बाहेर काढा. हवेत धरून डायल फिरवून पाहा. ती फिरायला नको. फिरते का?

प्लेट लटकते ती दरवेळी तीच का?

आणि यात तेल घातलं आहे का? कोणतं?

रेशीमबाग_फिजिओ · ९ जानेवारी, दुपारी १:४८

काकांच्या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत हे डंबेल छातीवर किंवा डोक्यावर धरू नका प्लीज. उभ्याने, गुडघ्याच्या खाली राहील एवढंच. एकटे असताना तेही नको.

खामलेकर · ९ जानेवारी, रात्री ८:५५

काका, उत्तरं.

डायल बाहेर काढल्यावरही फिरते! दुसऱ्या डंबेलची घट्ट बंद राहते, याची एका बाजूची मात्र फिरते. हे मी कधी तपासलंच नव्हतं.

प्लेट दरवेळी तीच, बाहेरून तिसरी.

तेल मी नाही घातलं. पण तुम्ही विचारलं म्हणून घरी विचारलं. आई म्हणाली, "ऑगस्टमध्ये गंज दिसून राहिला होता, मी खोबरेल सोडलं दोन्ही बाजूंनी." शिलाई मशीनच्या कुपीत भरून, छान आतपर्यंत. डावं डंबेल तेव्हा दिवाणाखाली होतं म्हणून वाचलं.

निवृत्त_टर्नर · ९ जानेवारी, रात्री ९:३०

सापडलं. उद्या सकाळी बाथरूममधली खोबरेलाची बाटली हलवून पाहा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागते. आपल्याकडे सध्या पहाटे पारा १० च्या आसपास आहे. तुमच्या डंबेलमध्ये ते रात्री घट्ट होते आणि दुपारी खोली तापली की पातळ होते. ऑगस्टमध्ये घातलं तेव्हा काहीच जाणवलं नसेल, डायल उलट हलकीच वाटली असेल. त्यात धूळ बसली, लगदा झाला. डिसेंबरात पारा उतरला आणि लगद्याचं मेण झालं.

आईंना बोलू नका. गंज पाहून तेल घालावंसं वाटणं बरोबरच आहे, तेल चुकलं.

पण माझी काळजी ते नाही. हवेत डायल फिरते याचा अर्थ लॉक लागत नाही. हे आणि लटकणारी प्लेट, दोन्ही मिळून पाहावं लागेल. उद्या सविस्तर लिहितो, आता टाइप करून बोटं दुखून राहिली.

तर्री_जास्त · ९ जानेवारी, रात्री ९:४१

काकूंनी डंबेलची चंपी केली. आता व्यायाम नाही झाला तरी केस दाट होतील.

मानेवाडा_रिंगरोड · ९ जानेवारी, रात्री १०:२०

तेलाचं कळलं. पण ऑगस्टमध्ये दिसलेला गंज आला कुठून? माझा अंदाज, तो ऑगस्टचा नव्हताच. मेमध्येच लागला असेल. डंबेल कूलरसमोर असतात का?

खामलेकर · ९ जानेवारी, रात्री १०:२६

हाव. खिडकीत कूलर, खिडकीखाली डंबेल. दुसरीकडे जागाच नाही.

मानेवाडा_रिंगरोड · ९ जानेवारी, रात्री १०:५८

मग झालंच. सगळ्या देशाला वाटते लोखंड पावसाळ्यात गंजते. नागपुरात ते उन्हाळ्यात गंजते. बाहेर ४५ अंश, हवा इतकी कोरडी की धुतलेला शर्ट अर्ध्या तासात वाळतो, आणि त्याच वेळी आपण घराच्या एका खोलीत मुद्दाम पाणी मारलेली हवा सोडतो. गवताचा पॅड नीट बसलेला नसेल किंवा पंप जोरात असेल तर बारीक तुषारही येतात. त्यात आपला घाम, म्हणजे मीठ. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजते, आणि मीठ असेल तर त्याहून कमीतही. माझ्या जिन्यातली सायकल चार पावसाळे निभावली, कूलरच्या खोलीतला इस्त्रीचा टेबल एका उन्हाळ्यात गेला.

वर पांढरे डाग दिसत असतील तर ते बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत.

बर्डीकर · ९ जानेवारी, रात्री ११:१०

वाफेत क्षार येत नाहीत हो. पाणी उडून जाते, क्षार पॅडवरच राहतात. म्हणून तर पॅड दगडासारखा होतो.

मानेवाडा_रिंगरोड · ९ जानेवारी, रात्री ११:१४

वाफेत नाही, तुषारात येतात. थेंब अख्खा उडून आला की सगळं घेऊनच येतो. हात लावून पाहा, पांढरं पीठ लागते.

बर्डीकर · ९ जानेवारी, रात्री ११:१६

बरं, मान्य.

सक्करदरा_सुनीता · १० जानेवारी, सकाळी १०:०५

माझ्याकडे कोथरूडकरांच्या आवडीची, रॉड आणि नटवाली आहेत. त्यांनाही दुखणी असतात, हे त्यांच्या माहितीसाठी. दंडाचा व्यायाम करताना मनगट फिरते तसा नट थोडा-थोडा सुटत जातो. नटाच्या आत रबराची रिंग असते, तिचं कामच नटाला धरून ठेवायचं. आपल्या उन्हाळ्यात दोन वर्षांत ती रिंग वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी होते. माझा नट सुटून प्लेट फरशीवर पडली, फरशीला अजून चंद्रकोर आहे.

सध्या सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून नटामागे घातली आहे. चालते. पण हे कायमचं चालेल का? आणि एका प्लेटचं पीव्हीसीचं टरफल फुटून आतली वाळू-सिमेंट गळून राहिली आहे, तिचं काय करू?

निवृत्त_टर्नर · १० जानेवारी, दुपारी १२:४०

सुनीताताई, ट्यूबची पट्टी तात्पुरती ठीक. मोटरपंप दुरुस्तीच्या दुकानात त्याच मापाची ओ-रिंग मिळते, नट सोबत घेऊन जा. त्याआधी आटे तपासा. नट रॉडवर अर्धा चढवून डावी-उजवीकडे हलवा. खडखडला तर आटे गेलेत, मग रबर काही करणार नाही. कोणाचे गेले, नटाचे की रॉडचे, हे कळायला जोडीतले नट अदलाबदल करून पाहायचे. नट सहसा आधी जातो आणि नट स्वस्त आहे. नवीन नट घेताना रॉड घेऊन जाणं विसरू नका, दिसायला सारखे असतात आणि आटे वेगळे निघतात.

फुटकी प्लेट टेपने गुंडाळून वापरू नका. गळालं तेवढं वजन कमी झालं आणि रोज होत राहणार. एका हातात जास्त, एका हातात कमी. कुंडीखाली ठेवा, कामाला येईल.

आता खामलेकर. आत काय आहे ते आधी समजा.

हँडलच्या दोन्ही टोकांना दांडा, त्यावर पातळ डिस्का ओवलेल्या. प्रत्येक डिस्कच्या काठाला थोड्याच भागात उभी कड असते, बाकी काठ सपाट. डायल फिरवली की त्या बाजूच्या सगळ्या डिस्का एकदम फिरतात. जिची कड प्लेटच्या खुंटीखाली आली ती प्लेट उचलली जाते, जिची नाही आली ती ट्रेमध्ये राहते. प्रत्येक डिस्कची कड वेगळ्या जागी, म्हणून वेगवेगळी वजनं. म्हणजे सगळी भिस्त दोन-तीन मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या कडेवर.

लॉक असा की हँडलच्या खालच्या अंगाला स्प्रिंगवर बसलेली एक पिन असते. ट्रेमध्ये एक उंचवटा असतो. डंबेल ट्रेमध्ये बसलं की उंचवटा पिनेला दाबतो, डायल मोकळी होते. उचललं की स्प्रिंग पिनेला बाहेर लोटते, पिन दात्यांत शिरते आणि डायल बंद होते. तुमची पिन दाबलेलीच राहते आहे. गंज नाहीतर ते मेण. त्यामुळे व्यायाम करताना डायल आपोआप थोडी सरकली तर कड खुंटीखालून निसटते.

आता उघडणं. दुपारी उघडा, ऊन असताना. डायल अडीच किलोवर, हँडल बाहेर, प्लेटा ट्रेमध्येच राहू द्या. जुनी पांढरी चादर अंथरा, रंगीत नको, स्प्रिंग हरवली की दिसत नाही. डायलच्या मधल्या स्टिकरखाली किंवा टोपणाखाली स्क्रू असतो. ॲलन की (स्क्रूची षटकोनी चावी) बरोबर मापाचीच वापरा, सैल असेल तर डोकं खाऊन टाकते आणि मग माझ्यासारख्याकडे ड्रिल करायला यावं लागते. प्रत्येक पायरीला फोटो. डिस्का निघतील तशा मार्करने १, २, ३ लिहा आणि बाहेरच्या बाजूवर फुली मारा, मग क्रमाने सुतळीत ओवून गाठ बांधा. लॉकपिन काढताना हात आणि हँडल दोन्ही पारदर्शक पिशवीत. स्प्रिंग उडाली तर पिशवीतच उडेल.

धुवायला कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. प्लास्टिकला थिनर, पेट्रोल, नखपॉलिश काढायचं पाणी अजिबात नको, चिरा जातात. लोखंडी दांड्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा.

एवढं करा आणि फोटो टाका. बसवू नका अजून.

हिंगणा_टीपॉइंट · १० जानेवारी, दुपारी २:०२

वाचनखूण साठवली. काका, एक शंका. डब्ल्यूडी-४० स्प्रे मारलं तर उघडायची गरजच नाही ना?

निवृत्त_टर्नर · १० जानेवारी, दुपारी २:३५

ते जाम सोडवायला चांगलं आहे. पण त्यात द्रावक जास्त, तेल नावापुरतं. आतला लगदा पातळ होऊन पुढच्या डिस्कवर जाईल, बाहेर येणार नाही.

खामलेकर · ११ जानेवारी, सायंकाळी ६:१०

रविवार कारणी लागला. दुपारी एकला उघडलं, चारला उठलो.

स्टिकरखाली ॲलन स्क्रूच होता, ५ नंबरचा. डिस्का निघाल्या, सुतळीत ओवल्या. आत जे होतं त्याचा फोटो टाकतो आहे पण जेवून झालं असेल तरच पाहा. पिवळसर, करडं, मधेमधे केस. घाणीचा पेढा म्हणा. आई मागे उभी राहून पाहत होती आणि म्हणाली, "एवढं थोडंच घातलं होतं मी!"

पिन अर्धी आत अडकलेली. स्प्रिंग गंजून दोन वेढे चिकटलेले, चिमट्याने ओढली तर तुटलीच.

आणि खरी गोष्ट. तिसऱ्या डिस्कच्या कडेला मुळाशी केसासारखी चीर आहे. नखाने दाबलं तर उघडते आणि मिटते. दिवाळीत भाच्याने हे डंबेल बाकावरून खाली ढकललं होतं. तेव्हाचंच असावं.

चीर चिकटवता येईल का?

बर्डीकर · ११ जानेवारी, सायंकाळी ६:३०

फेव्हिक्विक आणि वर खायचा सोडा. दगड होते.

मानेवाडा_रिंगरोड · ११ जानेवारी, सायंकाळी ६:३४

एम-सील. माझ्या पाण्याच्या टाकीला सहा वर्षं झाली.

रेशीमबाग_फिजिओ · ११ जानेवारी, सायंकाळी ६:५०

टाकी तुम्ही तोंडावर धरून झोपत नाही हो.

हिंगणा_टीपॉइंट · ११ जानेवारी, सायंकाळी ७:४५

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून जरा हिशेब करतो. समजा १० किलोचं डंबेल अर्ध्या मीटरवरून पडलं आणि टेकल्यावर १ सेंटिमीटरात थांबलं. थांबताना सरासरी बळ वजनाच्या साधारण ५० पट. १० किलोच्या जागी क्षणभर अर्धा टन. कडक फरशीवर १ सेंटिमीटरही मिळत नाही, म्हणजे आणखी जास्त. फेव्हिक्विकचा सांधा कडक पण ठिसूळ असतो, धक्का सहन करत नाही. सोडा टाकून दगड होते, बरोबर, दगडच फुटतो.

डिस्क थ्रीडी प्रिंट करून देऊ शकतो. मित्राकडे प्रिंटर आहे.

निवृत्त_टर्नर · ११ जानेवारी, रात्री ८:२०

प्रिंट कशात करणार?

हिंगणा_टीपॉइंट · ११ जानेवारी, रात्री ८:२६

त्याच्याकडे पीएलए प्लास्टिक आहे काका.

निवृत्त_टर्नर · ११ जानेवारी, रात्री ९:०५

ते किती अंशाला मऊ पडते?

हिंगणा_टीपॉइंट · ११ जानेवारी, रात्री ९:११

५५ ते ६० ला. हां. समजलं. पत्र्याच्या छताखालची खोली किंवा मे महिन्यात उन्हात उभी गाडी. आणि थर एकमेकांपासून सुटतात ते वेगळंच, कड नेमकी थरांच्या दिशेनेच तुटेल. पीईटीजी किंवा नायलॉनमध्ये करता येईल, पण तोंडावर धरायच्या वस्तूसाठी मीच सही करणार नाही.

तर्री_जास्त · ११ जानेवारी, रात्री ९:१५

मे २०२४ मध्ये इथल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवलं होतं. नंतर सेन्सर बिघडला होता असं निघालं, पण तोवर आपण दोन दिवस जगाच्या बातम्यांत होतो. त्या हिशेबाने पीएलए बाद.

कोथरूड_डेपो · ११ जानेवारी, रात्री ९:४०

काका, लेथवर नायलॉनची डिस्क नाही का होणार?

निवृत्त_टर्नर · ११ जानेवारी, रात्री १०:१०

प्रश्न चांगला विचारला. इतवारीत नायलॉनचा गोल रॉड मिळतो, गोल डिस्क मी अर्ध्या तासात काढून देईन. पण कड पूर्ण गोलात नाही, तुकड्यातुकड्यात आहे, आणि मधलं भोक गोल नाही, दांड्यावर फिरू नये म्हणून कोनाचं आहे. ते मिलिंगचं काम. हिंगण्याला एमआयडीसीत कोणीही करून देईल, पण एका नगासाठी मशीन लावायचे जे पैसे घेतील त्यात जुनी जोडी येईल.

माझं मत स्पष्ट सांगतो. स्प्रिंग, पिन, स्क्रू, सफाई, गंज हे घरी करायचं. वजन ज्या प्लास्टिकवर लटकते ते चिकटवायचं नाही, बदलायचं. नाही मिळालं तर ते डंबेल बंद. डावं चांगलं आहे, एका हाताने आळीपाळीने व्यायाम करा, त्यानेही भागते.

खामलेकर, दोन्ही बाजूंच्या डिस्का आपसात बदलून काम होईल असं वाटेल, पण त्या आरशातल्यासारख्या उलट असतात. बसतील, पण वजनं भलतीच निघतील.

वर्धारोड_वासी · ११ जानेवारी, रात्री १०:४८

घरगुती जुगाड आणि स्वस्त माल यांनाच दोष नको. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्स कंपनीच्या डंबेलची ५५२ आणि १०९० ही मॉडेलं परत मागवली, सुमारे ३८ लाख नग. कारण हेच, उचलल्यावर प्लेट सुटून पडत होत्या. डोक्याला मार, पायाची बोटं मोडणं अशा तक्रारी होत्या. डायलवाल्या डंबेलमध्ये लोक ज्याची नक्कल करतात ते हे मॉडेल. ५५२ म्हणजे ५ ते साडेबावन्न पौंड, किलोत २.३ ते २३.८. आपली '२४ किलो'वाली जोडी कुठून आली ते आकड्यावरूनच कळते.

मनीषनगर_फाटक · १२ जानेवारी, सकाळी ९:२०

सहसा नुसताच वाचतो, आज लिहितो आहे. माझ्याकडे माळ्यावर असंच एक डंबेल पडलं आहे. एकच, कारण दुसऱ्याचं हँडल वाकलं म्हणून भंगारात दिलं. वर नाव वेगळं आहे पण खामलेकरांनी टाकलेला फोटो पाहिला, डिस्क सेम टू सेम दिसते. साचा एकच असावा, स्टिकर वेगळे. लागत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. माळा मोकळा होईल, बायको तुम्हाला दुवा देईल.

निवृत्त_टर्नर · १२ जानेवारी, सकाळी ११:००

वा! घ्यायच्या आधी दोन्ही डिस्का एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. भोकाचा आकार, कडांची सुरुवात आणि शेवट, जाडी. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) नसेल तर दोन्ही टेबलावर उभ्या ठेवून बोट फिरवा, अर्ध्या मिलिमीटरचा फरक बोटाला कळतो. आणि नवीन आलेल्या डिस्कलाही वाकवून चीर पाहा. माळ्यावरचा माल उन्हाळे खाऊन बसलेला असतो.

स्प्रिंगसाठी तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि मोकळी लांबी, तिन्ही जुळायला पाहिजे. बॉलपेनची स्प्रिंग कोणी सुचवण्याच्या आत सांगतो, नाही. ती पिनेला बाहेर लोटेल, पण गंजाचा एक कण आला की हरेल.

बर्डीकर · १२ जानेवारी, सकाळी ११:०४

मी टाइपच करत होतो.

खामलेकर · १७ जानेवारी, रात्री ९:५०

उशीर झाला, ऑफिसात मार्च आधीच आल्यासारखा आहे.

मनीषनगरहून डंबेल आणलं. सातही डिस्का जुळल्या, बोट फिरवूनही फरक नाही. त्यांच्या तिसऱ्या डिस्कला चीर नव्हती, पाचवीला होती! म्हणजे दोघांच्यात मिळून एक चांगलं निघालं. वहिनींनी खरंच दुवा दिली आणि चहा पाजला.

स्प्रिंगसाठी हँडल बॅगेत टाकून मेट्रोने निघालो. जयप्रकाश नगरला बॅग स्कॅनरमधून गेली आणि थांबवली. स्क्रीनवर काय दिसलं असेल देव जाणे, दांडा, स्प्रिंगा, दाते. गार्डने बाहेर काढायला लावलं, हातात घेऊन दोनदा वर-खाली केलं आणि विचारलं, "किती किलोचं आहे?" मग त्यानेच सांगितलं की त्याच्याकडे मुद्गल आहे, त्याला स्प्रिंग नसते. सीताबर्डीला गाडी बदलली, अग्रसेन चौकात उतरून इतवारीत लोहाओळीपर्यंत चालत. चौथ्या दुकानात जुळली. तार ०.८, व्यास ७, लांबी २२ मिलिमीटर. दुकानदार एक द्यायला तयार नव्हता, डझनाने देतो म्हणे. डझनच घेतल्या. कोणाला पाहिजे असतील तर सांगा, अकरा आहेत.

दांडा पॉलिश पेपरने घासला. डिस्का धुऊन पंख्याखाली दिवसभर वाळवल्या. काका, बसवायच्या आधी तेलाचं सांगा, आता मी पाण्याचा थेंबही तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही.

निवृत्त_टर्नर · १७ जानेवारी, रात्री १०:३०

पिनेला काडीच्या टोकावर येईल एवढं ग्रीस. डिस्कांना सिलिकॉन स्प्रेचा एक हलका फवारा, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या, हाताला ओलं लागायला नको. बस.

शेवटच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून लावतात ते) लावणार असाल तर लोखंडाच्या आट्यावर एकच थेंब, आणि प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिक त्याने तडकते. लाल तर घेऊच नका, पुन्हा उघडणार नाही.

बसवल्यावर आधी रिकाम्या हँडलची लॉक चाचणी. मग पंधराही वजनं एकेक लावून, गादीवर, उभ्याने उचला आणि थोडं हलवा. ट्रेमध्ये ज्या प्लेटा राहायला पाहिजे त्याच राहिल्या का ते मोजा. आणि जमलं तर वजन करा.

खामलेकर · १८ जानेवारी, सकाळी ८:०५

सकाळी ६:३० ला केलं, मुद्दाम. घरात थर्मामीटर १४ दाखवून राहिला होता.

डायल एका बोटाने फिरली. हवेत धरली तर दोन्ही बाजू बंद. पंधराही वजनं लावून पाहिली, प्लेट कुठेच लटकली नाही. खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर वजन केलं, डायलवर २४ आणि काट्यावर २३ किलो ८००. त्याने भाव पण सांगितला लोखंडाचा, मी म्हटलं थांबा अजून.

छातीचा व्यायाम मात्र महिनाभर डाव्यानेच करणार. फिजिओताई, ऐकतो आहे.

रेशीमबाग_फिजिओ · १८ जानेवारी, सकाळी ८:४०

शाब्बास. आणि दर रविवारी ती हवेतली चाचणी. दहा सेकंद लागतात.

मानेवाडा_रिंगरोड · १८ जानेवारी, सकाळी ९:१५

आणि कूलर?

खामलेकर · १८ जानेवारी, सकाळी ९:२२

एप्रिलमध्ये डंबेल दिवाणाखाली जातील, वर जुनी चादर. दिवाणाखालचे पापडाचे डबे कुठे जातील यावर घरात चर्चा चालू आहे.

सक्करदरा_सुनीता · १८ जानेवारी, सकाळी १०:३०

माझीही ओ-रिंग बसली. मेडिकल चौकाजवळच्या पंपवाल्याने दोन दिल्या, पैसे एकीचेच घेतले. आटे शाबूत होते. एक स्प्रिंग मला ठेवा हो, कशाला ते माहीत नाही, पण ठेवा.

खामलेकर · १८ जानेवारी, रात्री ८:१२

ठेवली ताई. काका, एक शेवटचं. आई विचारून राहिली आहे, शिलाई मशीनची ती कुपी आता रिकामी झाली, त्यात पुन्हा खोबरेलच भरू का?

निवृत्त_टर्नर · १८ जानेवारी, रात्री ८:३०

म्हणजे मशीनलाही तेच घालत होत्या? मशीन सकाळी जड चालते का विचारा.

खामलेकर · १८ जानेवारी, रात्री ८:३४

विचारलं. म्हणते, "थंडीत जडच असते ती, वीस वर्षं झाली."